‘ग्राम्य’ या खुणेचा इतिहास : बोलीशब्द, शिवी आणि मराठी कोशपरंपरा

१

महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘शिक्षणाच्या आयचा घो’ हा चित्रपट २०१० साली प्रदर्शित होत असताना त्याच्या शीर्षकाला काही संघटनांनी आक्षेप घेतला. शीर्षकात आईवरून दिलेली शिवी आहे, असा आक्षेपाचा रोख होता. समर्थकांचे उत्तर असे, की मालवणीत ‘घो’ म्हणजे नवरा. तेव्हा शब्दात अश्लील असे काहीच नाही. वाद यथावकाश शमला. मात्र त्याने पुढे आणलेला प्रश्न मराठी भाषाविचाराच्या मुळाशी जाणारा आहे.

या वादात दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती. शब्दाला एक खरा अर्थ असतो आणि तो दाखवून दिला की शब्दाचा न्यायनिवाडा होतो, ही ती गोष्ट. वस्तुतः ‘आवशीचो घो’ हा कोकणातला उद्गार नुसत्या शब्दार्थाने निरागस ठरत नाही. आईच्या नवऱ्याचा उल्लेख ‘बाप’ हा शब्द टाळून केला जातो, तेव्हा त्यात एक खोच असतेच. पण आश्चर्य, वैताग, कौतुक, सलगी अशा अनेक प्रसंगी तो तोंडी येत असल्यामुळे ही खोच बोथट झालेली असते, आणि बोलणारा व ऐकणारा दोघेही ते जाणून असतात. घाट चढून हा उद्गार वर आला की ‘घो’चा नवरा हा अर्थ मागे राहतो आणि आईवरून काहीतरी म्हटले गेले, एवढेच ऐकू येते. शब्द तोच राहतो. ऐकणारा बदलतो, आणि त्याबरोबर अर्थही बदलतो.

प्रादेशिक शब्द आणि हलका, बाजारी किंवा शिवराळ शब्द हे भाषेतले दोन वेगळे साठे आहेत असे मानण्याची सवय मराठी कोशकारांना आणि समीक्षकांना आहे. या दोहोंना जोडणारा पूल म्हणजे ‘ग्राम्य’ ही खूण. ही खूण शब्दाचा गुणधर्म सांगते असे समजले जाते. तिचा इतिहास पाहिला तर ती बहुतेक वेळा खूण करणाऱ्याचे ठिकाण सांगते, असे दिसून येते.

२

‘ग्राम्य’ ही संज्ञा मराठीने संस्कृत काव्यशास्त्राकडून घेतली. घेताना मात्र तिचे शेजारी मागे ठेवले. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात पददोषांची जी गणना आहे, तीत ‘ग्राम्य’ आणि ‘अश्लील’ हे दोन स्वतंत्र दोष आहेत. केवळ लोकव्यवहारात वावरणारा शब्द तो ग्राम्य. ‘कटि’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना. अश्लील शब्द तो, की ज्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात व्रीडा, जुगुप्सा किंवा अमंगलाची भावना जागी होते. पहिल्या दोषाचा निकष शब्दाचा वावर कोठे आहे हा आहे, दुसऱ्याचा निकष श्रोत्यावर होणारा परिणाम हा आहे. याखेरीज ‘निहतार्थ’ नावाचा तिसरा दोषही तेथे आहे. दोन अर्थांच्या शब्दातील कमी परिचित अर्थ अभिप्रेत असतो, आणि अधिक रूढ अर्थ त्याला झाकून टाकतो, तेव्हा हा दोष घडतो.

‘घो’च्या वादाला लावून पाहता या तिन्ही संज्ञांचे मोल कळते. कोकणातल्या श्रोत्याला तो शब्द फार तर ग्राम्य वाटेल. घाटावरच्या श्रोत्याला तो अश्लील वाटला. आणि या दोहोंमध्ये जे घडले ते निहतार्थाचे उदाहरण आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या काव्यशास्त्राने जे तीन कप्पे वेगळे ठेवले, ते अर्वाचीन मराठीने एकाच कप्प्यात रिचविले.

मम्मटाचा आणखी एक निर्णय मराठी साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अधम पात्रांच्या तोंडी ग्राम्य शब्द हा दोष न राहता गुण ठरतो, असे तो मानतो. म्हणजे ग्राम्य शब्दाला काव्यात प्रवेश आहे, पण तो पात्राच्या तोंडून आणि पात्राची पायरी दाखविण्यापुरता. कवीने स्वतःच्या वाणीत तो वापरावयाचा नाही. विसाव्या शतकातील मराठी कादंबरी दीर्घकाळ याच नियमाने चालली, हे पुढे दिसेल.

३

अर्वाचीन मराठी कोशांचा प्रारंभ पुण्यामुंबईच्या शास्त्रीमंडळींच्या सहकार्याने झाला. शास्त्र्यांनी सिद्ध केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ मध्ये निघू लागला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सुमारे ६० हजार शब्दांची त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये आली. मोल्सवर्थची वृत्ती संग्राहकाची होती. राज्यकारभारासाठी आलेल्या परदेशी अधिकाऱ्याला कचेरीत, बाजारात, शेतावर जे कानी पडेल ते सारे समजले पाहिजे, हा कोशाचा हेतू होता. त्यामुळे शिव्या, टवाळीचे शब्द, म्हणी, बायकांच्या बोलण्यातले शब्द यांना त्यात मुबलक जागा मिळाली.

दलालांच्या ‘नंदभाषे’चीही दखल या कोशपरंपरेने घेतली. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून संख्यांना निराळी नावे देण्याची ही व्यापाऱ्यांची रीत. रुपयाला ‘भुरका’ म्हणणारा हा व्यवहार कोणत्याही एका प्रदेशाचा नव्हता. तो धंद्याचा होता. आज ज्याला बाजारी किंवा टोळीची बोली म्हटले जाते, तिचे हे जुने आणि प्रतिष्ठित रूप. नंदभाषेला कोणी ग्राम्य म्हटले नाही, कारण ती बोलणारे पेठेतले होते.

परदेशी कोशकाराला पुण्याचा शब्द आणि मालवणचा शब्द सारखेच अपरिचित होते, हा त्याचा एक अनपेक्षित फायदा. पण शब्दाचे वजन सांगण्याचे काम शेवटी शास्त्र्यांच्या कानावर अवलंबून राहिले. कोणता शब्द सभ्य, कोणता हलका, याचा निवाडा करणारा कान एका विशिष्ट समाजाचा आणि मुख्यतः एका शहराचा होता.

शालेय पाठ्यपुस्तकांनी या निवाड्याला अधिकृत रूप दिले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये आले. पुढे मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तकांची भाषा घडली. ‘वेळ’ हे शुद्ध, ‘येळ’ अशुद्ध. ‘विळा’ शुद्ध, ‘इळा’ अशुद्ध, ही वाटणी शाळेच्या फळ्यावर पक्की झाली. उच्चारातला एक नियमित भेद अशा रीतीने अज्ञानाचा पुरावा बनला.

४

या वाटणीला पहिला मोठा छेद जोतीराव फुले यांनी दिला. त्यांच्या ‘तृतीय रत्न’ (१८५५) या नाटकात विदूषक आहे, पण हास्याचा विषय होण्याचे आपले परंपरागत काम तो करीत नाही. तो घडणाऱ्या फसवणुकीवर भाष्य करतो. संस्कृत नाटकात ज्याची भाषा हलकी ठरविलेली होती, त्याच्याकडे येथे विवेकाचा आवाज आला. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात तर रोखठोक आणि प्रसंगी शिवराळ शब्द लेखकाच्या स्वतःच्या विवेचनात येतो. ग्राम्य शब्द पात्राच्या तोंडी शोभतो, कवीच्या वाणीत नाही, हा नियम येथे मोडला गेला.

‘निबंधमाले’त (१८७४ पासून) विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या ग्रंथांची जी संभावना केली, तीत व्याकरणाच्या आणि भाषेच्या चुका हे एक प्रमुख शस्त्र होते. या वादाची मांडणी बहुधा सामाजिक विचारांचा संघर्ष म्हणून केली जाते, आणि ती योग्यच आहे. पण तो अर्थाच्या अधिकाराचाही संघर्ष होता. चिपळूणकरांची स्वतःची लेखणी उपहासात कमी तिखट नव्हती. फरक इतकाच, की त्यांच्या तिखटपणाला ‘शैली’ हे नाव मिळाले आणि फुल्यांच्या तिखटपणाला ‘ग्राम्यता’ हे.

५

विसाव्या शतकाच्या आरंभी बोलींची नोंद शासकीय पातळीवर झाली. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोकण, देश, वऱ्हाड, नागपूर येथील बोलींचे नमुने क्रमाने दिलेले आहेत. याच सर्वेक्षणाचा अकरावा खंड १९२२ मध्ये आला. कोल्हाटी, गारोडी, भामटी, कसाई इत्यादींच्या बोली ‘जिप्सी भाषा’ या मथळ्याखाली तेथे ठेवलेल्या आहेत. गावात घर असलेल्यांची बोली प्रादेशिक ठरली. ज्यांना गाव नाही त्यांची बोली वेगळ्या खंडात गेली.

या वेगळेपणाला कायद्याची पार्श्वभूमी होती. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढविली. मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचे मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवरील पुस्तक १९०८ चे. त्यात जमातींच्या चालीरीतींबरोबर त्यांच्या बोलण्याचीही दखल घेतलेली आहे. पोलिसाच्या वहीत शब्दाची नोंद झाली की त्याचा अर्थ एका अंगाने बदलतो. घरात आई मुलाशी ज्या शब्दांत बोलते, तेच शब्द ‘गुप्त’ आणि ‘चोरांचे’ होतात. परक्याला कळू नये म्हणून बोलण्याची गरज नंदभाषा वापरणाऱ्या दलालालाही होती. दलालाची ती हुशारी ठरली, भटक्याचा तो गुन्हा ठरला.

‘उचल्या’ या शब्दाचा प्रवास या संदर्भात पाहण्याजोगा आहे. उचलेगिरी करणारा, भुरटा चोर हा त्याचा बाजारी अर्थ. वसाहतकाळात हा हिणवणीचा शब्द एका जमातीचे नाव म्हणून वापरात आला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; शब्द राहिला. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला तोच शब्द शीर्षक म्हणून दिला. त्याआधी १९८० मध्ये लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’ हा शब्द असाच उचलला होता. दोन्ही ठिकाणी लेखकाने शब्दाचा अर्थ पुसलेला नाही. तो कोणी दिला, एवढे त्याने वाचकाला विचारायला लावले आहे.

६

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. बोलीशब्दांच्या बाबतीत या कोशाचे ऋण मोठे आहे. राजापूर, गोवा, वऱ्हाड, नागपूर, खानदेश येथील शब्द ठिकाणाच्या खुणेसह त्यात सापडतात. पण त्याच कंसांत ‘बायकी’, ‘कुणबाऊ’, ‘ग्राम्य’ अशा खुणाही येतात. पहिल्या प्रकारची खूण भूगोल सांगते, दुसऱ्या प्रकारची पायरी सांगते. दोन्ही एकाच जागी छापल्यामुळे भूगोल आणि पायरी यांतला फरक वाचकाच्या मनात पुसट होतो. ‘कुणबाऊ’ अशी खूण असते, पण तिच्यासमोर शहरी पांढरपेशा बोलीची खूण रूढ झालेली नाही. खुणेवाचून असलेला शब्द तो सर्वांचा, असा त्याचा अर्थ होतो.

‘शिंचा’ हा शब्द या दृष्टीने बोलका आहे. तो ‘शिंदळीचा’चे संक्षिप्त रूप आहे. म्हणजे कोणत्याही मापाने ती आईवरची शिवी आहे. परंतु ती कोकणस्थी आणि पुणेरी घरांत रुळलेली असल्यामुळे तिला लाडिक, मिस्कील असे वजन आले. विनोदी लेखनात ती सुखाने वावरते. मालवणीतील ‘मेल्या’ आणि ‘रांडेच्या’ यांचे वजन त्यांच्या गावी असेच सलगीचे असते. वापराच्या दृष्टीने हे शब्द एकाच जातीचे. एकाला साहित्यात चव म्हणून स्थान आहे, दुसऱ्याला समर्थन द्यावे लागते.

‘चेडू’चे उदाहरण आणखी गुंतागुंतीचे. सिंधुदुर्गात ‘चेडू’ म्हणजे मुलगी, लेक. गोव्यातही ‘चेडूं’ मुलगी आणि ‘चेडो’ मुलगा. पण तेथेच ‘चेडी’ म्हटले की बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवले जाते, आणि किनाऱ्यावर अन्यत्र ‘चेडा’ म्हणजे भूतपिशाच. संस्कृत ‘चेट’, ‘चेटी’ यांचा सेवक-सेविका हा अर्थ या सर्वांच्या मागे उभा आहे. पोर, चाकर, कुलटा आणि माणसाच्या हुकमतीत राबणारे पिशाच, अशी ही साखळी सत्तेची आहे. ज्याच्यावर हुकूम चालतो त्याची ही सारी नावे. नागपूरकडचे ‘पोट्टा’, ‘पोट्टी’ तिकडे नित्याचे. पुण्यात ते ऐकणाऱ्याला उद्धट किंवा गमतीचे वाटतात.

प्रमाण भाषेतला शब्दही यातून सुटत नाही. ‘बाई’ हा शब्द अहिल्याबाई, सावित्रीबाई या नावांत आदराचा. शाळेत शिक्षिकेला हाक मारताना आदराचा. ‘बाई ठेवणे’ या प्रयोगात नेमका उलट. मुंबईच्या सोसायटीत ‘बाई आली नाही’ म्हटले की मोलकरीण. उत्तर हिंदुस्थानात तो कोठ्यावरच्या गायिकांच्या नावापुढे लागत असे. या शब्दावर ‘ग्राम्य’ अशी खूण कोणीच करणार नाही. कारण त्याचे सगळे अर्थ खूण करणाऱ्याच्या स्वतःच्या परिसरातले आहेत, आणि आपल्या परिसरातली अनेकार्थता नेहमीच स्वाभाविक वाटते.

७

स्वातंत्र्योत्तर काळात प्रादेशिक साहित्याने बोलीला प्रतिष्ठा दिली, असे विधान समीक्षेत वारंवार येते. ते अंशतः खरे आहे. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२), व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५), उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) या कादंबऱ्यांनी दापोली, माणदेश आणि वऱ्हाड यांचे शब्द सर्वदूर नेले. परंतु निवेदन मुख्यतः प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, ही योजना या परंपरेने सोडली नाही. मम्मटाचा नियम येथे सौम्य रूपात टिकून आहे. पात्राचा शब्द पात्राचाच राहतो; कथेचा अर्थ लावण्याची सत्ता निवेदकाकडे, म्हणजे प्रमाण भाषेकडे राहते. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त (१९७१) संपूर्ण निवेदनच मराठवाड्यातील एका स्त्रीच्या बोलीत आले, तेव्हा ही सत्ता हलली. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत (१९५२) ती मुळातच बोलीकडे होती, कारण तेथे निवेदक आणि बोलणारी यांत अंतर नव्हते.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) वेगळाच प्रश्न उभा केला. त्यातील शब्द कोणत्याही एका प्रदेशाचे नव्हते. ते कामाठीपुऱ्याच्या वस्तीचे, अनेक भाषांच्या घर्षणातून घडलेले होते. विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेने पांढरपेशा वाचकाचे या जगापासूनचे अंतर उघडपणे मान्य केले. हे अंतर शब्दार्थ पुरवून भरून निघणारे नव्हते. वस्तीतल्या शब्दाला पर्यायी सभ्य शब्द दिला की शब्दातले जगणेच गळून पडते. अर्थसूची देणाऱ्या प्रत्येक संपादकापुढे ही अडचण उभी राहते. सूची एका शब्दासमोर एक शब्द ठेवते, आणि बोलीशब्दाची स्वरानुसार, नात्यानुसार बदलणारी अर्थच्छटा तेथे मावत नाही.

रंगभूमीवर निराळे घडले. गंगाराम गवाणकर लिखित ‘वस्त्रहरण’ने (१९८०) मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाच्या बळावर मालवणीला अफाट लोकप्रियता दिली. मालवणी माणसाला आपली बोली रंगमंचावर ऐकण्याचा अभिमान त्यामुळे लाभला. पण व्यावसायिक रंगभूमीच्या बहुसंख्य प्रेक्षकांच्या कानात मालवणी म्हणजे विनोद आणि शिवी, हे समीकरणही त्यातूनच घट्ट झाले. तीस वर्षांनी ‘घो’ या शब्दावर वाद झाला, तेव्हा हेच समीकरण दोन्ही बाजूंनी काम करीत होते.

८

या इतिहासाला शहराने एक उपरोधिक वळण दिले आहे. शाळेने अशुद्ध ठरविलेला ‘येडा’ मुंबईत ऐटीचा शब्द झाला. ‘वेडा’ हे शुद्ध रूप सोडून मुंबईच्या हिंदीने नेमका घाटावरचा उच्चार उचलला, कारण गिरणगावात आणि गोदीत तोच ऐकू येत होता. ‘राडा’ म्हणजे चिखल, घाण. ‘राडारोडा’त तो अर्थ शाबूत आहे. मुंबईच्या रस्त्यावर त्याला हाणामारीचा अर्थ आला, आणि आता वृत्तपत्रे तो अर्थ अवतरणचिन्हांशिवाय छापतात. ‘भिडू’ हा खेळातला जोडीदार. हिंदी चित्रपटाने तो मैत्रीचे संबोधन म्हणून देशभर नेला. २०२४ मध्ये अभिनेते जॅकी श्रॉफ यांनी दिल्ली उच्च न्यायालयात आपल्या व्यक्तित्वहक्कांसाठी दाद मागितली, तेव्हा संरक्षण मागितलेल्या नावांत ‘भिडू’ही होता. अंगणातल्या खेळातला शब्द एका व्यक्तीची ओळख म्हणून न्यायालयापुढे गेला. ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटानंतर सोलापूरकडची बोली शहरी तरुणांनी हौसेने उचलली.

ही बोलींची जीत आहे असे मानण्याची घाई करू नये. शब्द वर येतो तेव्हा बोलणाराही वर येतोच असे नाही. शहरी तरुण ‘येडा’ म्हणतो तेव्हा ती त्याची निवड असते, आणि हवी तेव्हा तो ‘वेडा’कडे परतू शकतो. तोच उच्चार मुलाखतीत खेड्यातून आलेल्या उमेदवाराच्या तोंडून निघाला की त्याच्या विरुद्ध नोंद होते. उच्चार एकच, एकाचे ते भूषण, दुसऱ्याचे ते वैगुण्य.

९

अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणाने १९६० च्या दशकात कुडाळी, महाडची कुणबी अशा बोलींची शास्त्रीय वर्णने सिद्ध केली. गणेश देवी यांच्या नेतृत्वाखालील लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये आला. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर कोशकार्याला नवे बळ मिळावे अशी अपेक्षा आहे. तेव्हा या कामात ‘ग्राम्य’ या खुणेचे काय करावयाचे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

खूण काढून टाकणे हा त्याचा उपाय नव्हे. शब्दांना वजन असते, शिवीने माणूस दुखावतो, आणि हे लपविणारा कोश अप्रामाणिक ठरेल. पण मम्मटाने वेगळे ठेवलेले कप्पे पुन्हा वेगळे करता येतील. शब्द कोठे वावरतो ही एक नोंद. कोण कोणाशी बोलताना त्याचे वजन काय होते, ही दुसरी. दुसऱ्या प्रदेशातल्या कानावर तो कसा पडतो, ही तिसरी. अशा कोशात ‘घो’पुढे नवरा हा अर्थ येईल, उद्गारातली सलगी येईल, आणि घाटावर तो कसा ऐकला जातो हेही येईल. ‘शिंचा’पुढेही तितक्याच प्रांजळपणे त्याचे ठिकाण आणि त्याचे मूळ नोंदले जाईल. ज्या दिवशी पुण्याच्या शब्दापुढेही ‘पुणे’ अशी खूण छापली जाईल, त्या दिवशी मराठीच्या कोशात मराठीचा संपूर्ण प्रदेश प्रथमच दिसू लागेल.